मोठ्या दिलाचा घोडा

गुलाबभाई पटवेगरांनी रुमालाखाली हात घातला तेव्हा मी समोरच्या टपरीवर चहा पीत होते, आणि मला मनापासून आनंद झाला होता. घोडा घेणारी मुलगी माझी, विकणारा माणूस माझा, आणि घोडा बाजारातला सगळ्यात देखणा. एवढं सगळं एका जागी जुळून येणं माझ्या नशिबात क्वचितच असतं. मी टपरीवाल्याला दुसरा चहा सांगितला.

नीरेच्या काठावर बोरजाईला दर मार्गशीर्षात घोडेबाजार भरतो. इथे अजूनही सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. पेर दाबलं की एक अर्थ, अख्खं बोट धरलं की दुसरा. भोवती शंभर माणसं माना उंचावून उभी असली तरी किंमत त्या दोघांतच राहते. पुढे पैसे फोनवरून जातात, घोड्याच्या मानेतल्या चिपवर मालकाचं नाव बदलतं, सगळं आजच्या काळाला शोभेल असं होतं. पण मधे रुमाल लागतोच. रुमाल उचलला की सौदा पक्का. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला बाजारात कोणी पाणीसुद्धा विचारत नाही.

घोड्याचं नाव जहागीर. आठ वर्षांचा, तांबूस अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. त्याच्या पोटाला बाजार समितीचा पट्टा बांधलेला होता आणि पट्ट्यावरचा दिवा हिरवागार होता. समितीच्या माणसाने लाऊडस्पीकरवर दिलाचा आकडा वाचला तेव्हा गर्दीतून कौतुकाचा आवाज उठला. त्या वर्षी बाजारात एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याच घोड्याचा नव्हता.

या पट्ट्याबद्दल थोडं सांगावं लागेल. खोगीर जागेवर राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून जो पट्टा आवळतात त्याला तंग म्हणतात. घोड्याचं हृदय पुढच्या पायाच्या कोपरामागे, फासळ्यांच्या आड असतं, आणि तंग नेमका तिथूनच जातो. ही सोय हजारो वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. सहा-सात वर्षांपूर्वी कुणाच्या तरी डोक्यात आलं की सोनोग्राफीचं यंत्र या तंगातच शिवलं तर? माणसाच्या कानाला ऐकू न येणारा आवाज आत सोडायचा, हृदयाच्या भिंतींवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी पकडायचा आणि त्याचं चित्र करायचं. माणसाला जो बारीक आवाज चालतो तो घोड्याला चालत नाही, एवढ्या रुंद छातीत तो वाटेतच विरतो. म्हणून घोड्यासाठी जाडा, खोल जाणारा आवाज लागतो. पूर्वी या कामात माझ्या नाकी नऊ यायचे. केस भादरा, स्पिरिट चोळा, जेल फासा, घोड्याचा पाय पुढे ओढून धरायला दोन गडी उभे करा. पट्टा आला आणि खोगीर चढवता चढवता हृदय दिसायला लागलं.

पट्ट्याने भलंही खूप केलं, हे मी कुठेही सांगेन. लग्नात नाचता नाचता कोसळणारे घोडे थांबले. पण बाजाराला चित्राशी देणंघेणं नव्हतं, बाजाराला एक आकडा हवा होता. म्हणून पट्टा दोन गोष्टी लगेच मोजून देतो: हृदयाचा डावा कप्पा किती मोठा आहे, आणि दर ठोक्याला तो किती जोरात आकसतो. मोठा कप्पा म्हणजे एका ठोक्याला जास्त रक्त, जास्त रक्त म्हणजे जास्त दम. लोक त्याला दिलाचा आकडा म्हणायला लागले. पूर्वी घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवायचे, आता आकडा बघतात.

रुमाल उचलला गेला. नामदेव कोळेकर मिशीतल्या मिशीत हसत होते. हे माणचे, मेंढरांचे कळप सांभाळता सांभाळता घोड्यांच्या नादाला लागलेले. शेजारी त्यांची मुलगी स्वरांजली दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. ही स्वरा अकरावी-बारावीची दोन वर्षं माझ्या घरी राहिली. तालुक्याला कॉलेज, आणि माझ्या दवाखान्यामागे तीन घोडे, त्यामुळे अभ्यास किती झाला ते विचारू नका. खोगिरावर तिला पहिल्यांदा मी बसवलं. आता ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावते, डोंगर-नदी-माळ ओलांडत दिवसभर चालणाऱ्या. तिच्याकडे आजवर फक्त घोडा नव्हता.

गुलाबभाई माझ्या बाकड्यावर येऊन बसले. रुमालाखाली किती दबलं, असं मी विचारलं नाही. तो प्रश्न इथे विचारत नाहीत. तेच म्हणाले की लोक हसतील मला, फार कमी घेतलं. का घेतलं तेही सांगितलं. बाकी सगळे आले ते आधी आकडा बघत होते, मग दात, मग खूर. ही पोरगी आधी घोड्याशी बोलली.

पट्टा आणखी एक काम करतो, त्याकडे बाजाराचं लक्ष नसतं. दिवसभर टिपलेलं सगळं चित्र तो पुण्याच्या संगणकाकडे पाठवतो. तिथे त्या हृदयाची देशोदेशींच्या घोड्यांच्या हृदयांशी तुलना होते, झडपा बघतात, भिंतींची जाडी बघतात, भिंत दर ठोक्याला किती ताणली जाते ते बघतात. आणि पुढे काय होईल ते सांगतात. हे सविस्तर वाचन दुसऱ्या दिवशी बाजाराच्या डॉक्टरकडे येतं. बाजाराची डॉक्टर मी, ज्योत्स्ना भोईटे. बहुतेक वाचनं मी चहाबरोबर वरवर चाळते, कारण बहुतेकांत काही नसतं.

जहागीरचं वाचन सकाळी आलं. ते मी तीनदा वाचलं आणि चहा तसाच ठेवून बॅग उचलली.

विकलेला घोडा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विकणाऱ्याच्याच खुंटीला बांधलेला राहतो, अशी इथली रीत आहे. म्हणून मी गुलाबभाईंच्या राहुटीकडे गेले. दुसरीकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता, घोडा तिथे होता. पण बाजाराने काय पाहिलं? सौदा झाल्यावर बाजाराची डॉक्टरीण विकणाऱ्याच्या राहुटीत शिरली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी जुन्या पद्धतीने तपासलं. आधी स्टेथोस्कोप लावला. निरोगी घोड्याचं हृदय ऐकणं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. एक ठोका, मग एवढी शांतता की आपण हळूच श्वास सोडावा, मग दुसरा. जहागीरच्या त्या शांततेत आवाज होता. लांब, उतरत जाणारा, कुणी दूरवर दोर ओढत न्यावा तसा. मग उजव्या बाजूला स्पिरिट चोळलं, जेल लावलं आणि माझ्या स्वतःच्या यंत्राने आत पाहिलं. घोडा शांत उभा होता. मधेच मान वळवून त्याने माझ्या खांद्याचा वास घेतला.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी नळी म्हणजे महाधमनी. तिच्या तोंडाशी एक झडप असते. जहागीरची झडप गळत होती. बाहेर ढकललेलं थोडं रक्त दर ठोक्याला परत मागे येत होतं. परत आलेलं आणि नव्याने आलेलं, असं दोन्ही रक्त सामावायला डावा कप्पा ताणत ताणत मोठा झाला होता, आणि एवढं सगळं बाहेर फेकायला तो जीव खाऊन आकसत होता. मोठा आणि जोरकस. झटपट मोजणीला हे हृदय आणि अव्वल धावणाऱ्याचं हृदय एकसारखंच दिसतं. आदल्या दिवशी लोकांनी ज्या आकड्याचं कौतुक केलं तो आकडा म्हणजे त्याचा आजार होता.

तेवढ्यावर निभावलं असतं. गळकी झडप घेऊन घोडे वर्षानुवर्षं चरतात. पण महाधमनीच्या मुळाशी एका जागी भिंत फुग्यासारखी पातळ झालेली मला दिसली, संगणकाने म्हटलं होतं नेमकी तिथेच. कडक धावणीत ती फाटणार. वर्षभरात फाटण्याची शक्यता दहात नऊ. फाटली की घोडा पाय दुमडून खाली बसत नाही, भरधाव असतानाच जातो, आणि पाठीवरचा माणूस त्याच्या वजनाखाली येतो. याला औषध नाही. एवढ्या मोठ्या जनावराची छाती उघडून ही नळी शिवणं आजही कुणाला जमत नाही. पुढचं दिसायला लागलं, पण त्याचं करायचं काय हे कुणी शोधून काढलं नाही.

गुलाबभाई ऐकताना हळूहळू खाली बसले. मग उठले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, चला.

कोळेकर टेम्पोत कडबा अंथरत होते. मी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. गुलाबभाई म्हणाले की घोडा मला परत द्या, सगळे पैसे घ्या. तेव्हा त्यांची मान थांबली.

"रुमालानंतर पट्टा न्हाई," कोळेकर म्हणाले. "ह्यो कायदा कुनी केला, गुलाबभाई?"

कायदा गुलाबभाईंनीच केला होता. बाजाराच्या पंचांचे ते प्रमुख. पाच वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने एक घोडी स्वस्तात विकली आणि रात्रीतून पस्तावला. सकाळी कुठल्याशा डॉक्टरचं चित्र घेऊन आला, हिचं हृदय खराब आहे, माझ्या जिवाला घोर लागेल, परत द्या. घेणाऱ्याने घाबरून परत दिली. त्याच घोडीने पुढच्या महिन्यात मोठी शर्यत मारली. चित्र फोनने रचलेलं, खोटं होतं; हल्ली सांगाल तसलं हृदय फोन काढून देतो, मलासुद्धा फरक कळत नाही. तेव्हापासून दर बाजारात कुणी ना कुणी पस्तावलेला माणूस असलं हृदय घेऊन यायला लागला. शेवटी गुलाबभाईंनी पंच बसवले आणि ठरवलं, रुमाल उचलल्यावर कोणाचंही चित्र, कोणाचाही आकडा ऐकायचा नाही. फार चांगला नियम होता. गरिबाचा घोडा त्याच्याकडे राहायला लागला.

गुलाबभाईंनी दुप्पट देऊ केले. बरोबर त्यांची दुसरी घोडी फुकट देऊ केली. मी डोळ्यांनी खुणावत होते, थांबा, पण ते थांबेनात. नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला तयार झाले. ते जसजसे वाढवत गेले तसतशी कोळेकरांची खात्री पटत गेली की आपल्या हाती काहीतरी अजब लागलं आहे.

"दुप्पट?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. "आजारी घोड्याला कुनी दुप्पट देतं व्हय, बाई? आनि तुमी सकाळपासनं त्येंच्या राहुटीत. मी काय बोलत न्हाई. पोरीनं तुमच्या हातचं खाल्लंय, म्हनून बोलत न्हाई."

मी स्वराला बाजूला घेतलं. माझ्या यंत्राच्या पडद्यावर तिला ती जागा दाखवली, भिंत कशी बाहेर येते ते बोटाने दाखवलं. ती हुशार आहे. तिने नीट पाहिलं, प्रश्न विचारले. मग हळू आवाजात म्हणाली की मावशी, त्या घोडीचं चित्रही असंच होतं ना? मी म्हटलं, ते खोटं होतं. ती म्हणाली, हो, पण दिसत असंच होतं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. मला तिची कीव यावी की स्वतःची ते कळेना, कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तिला हे मीच शिकवलं होतं, की डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, कोण दाखवतंय ते बघ.

"तू खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी," स्वरा म्हणाली. "तुला त्यांनी फसवलं असेल. वाचन पुण्याहून आलं म्हणतेस, पण पाठवलं कुणी ते तुला काय माहीत? ते वाचून गेलीस, म्हणून तुलाही आत तेच दिसलं."

टेम्पो गेला. जहागीर मागच्या फळीवरून आमच्याकडे बघत होता.

पुढचे आठवडे मी ज्याच्या त्याच्या दारात उभी राहिले. शर्यत भरवणाऱ्या मंडळाच्या कार्यालयात गेले. तिथल्या तरुणाने अदबीने ऐकून घेतलं आणि नियम दाखवला: दिलाचा आकडा अमुकच्या वर असला की घोडा पात्र. जहागीरचा आकडा नोंदलेल्या सगळ्या घोड्यांत पहिला होता. तो म्हणाला, मॅडम, याला अडवलं तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने पळवू? मी सविस्तर वाचन पुढे केलं. ते मालकाच्या संमतीशिवाय उघडता येत नाही, असं त्याने सांगितलं. पोलीस ठाण्यातल्या फौजदाराला घोडा आजारी असल्याची तक्रार समजली, पण घोडा पळतोय, खातोय, मालक खूश आहे, मग गुन्हा काय तो समजेना. कोळेकरांनी फोन उचलणं बंद केलं. बाजारात बोभाटा झाला की गुलाबभाई आणि डॉक्टरीण मिळालेले आहेत. गुलाबभाईंनी पंचांचं प्रमुखपद सोडलं, तर लोक म्हणाले, बघा, मनात पाप होतं.

एकदा मी सरळ माणला गेले. कोळेकर मेंढरांकडे गेले होते, स्वरा सरावाचा घाम पुसायला आत गेली होती. जहागीर अंगणात बांधलेला होता. माझ्या बॅगेत ते इंजेक्शन असतं, तुटलेल्या पायाच्या घोड्याला शेवटी देतात ते. शिर सापडायला मला डोळेसुद्धा लागत नाहीत. त्याने माझ्या पिशवीत नाक खुपसून गूळ शोधला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले आणि मनात म्हटलं, बाबा रे, आज रात्री इथेच, खुंटीला, रिकाम्या पाठीने जा. त्याच्या मरणासाठी मी देवाला हात जोडले. पण बॅग काही उघडली नाही. दुसऱ्याचं खातंपितं, चमकत्या अंगाचं जनावर मारायला हात उचलत नाही, मग कारण कितीही मोठं असो. स्वरा बाहेर आली, तिने माझ्या बंद बॅगेकडे पाहिलं आणि घोडा सोडून आत नेला.

गुलाबभाईंचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं.

"खोटं बोला, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "खरं बोलून बघितलं की आपण."

शर्यत पौषात होती, वाईच्या वरच्या पठारावर. या शर्यतीत दर टप्प्याला तपासणीचा थांबा असतो. घोडा आला की स्वार उतरतो, घोड्याच्या अंगावर पाणी ओततात, ठोके ठरावीक आकड्याच्या खाली आले की पुढे जायला मोकळीक. ठोके पट्टा मोजतो, घाम पट्टा मोजतो, थकवा पट्टा मोजतो. डॉक्टरच्या डोळ्यावर एकच गोष्ट उरली आहे: घोडा लंगडतोय का. घोड्याला दुडक्या चालीने नेऊन आणायचं, डॉक्टरने बघायचं आणि सांगायचं. डॉक्टर नाही म्हणाला की घोडा तिथेच थांबला. मंडळाला डॉक्टर कमी पडत होते, त्यामुळे मधल्या थांब्यावर मला नेमलं. मी आनंदाने हो म्हटलं तेव्हा त्या तरुणाने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं.

स्वराने हरकत घेतली तर काय, हे मला माहीत होतं. स्वाराने हरकत घेतली की वर फिरणाऱ्या कॅमेऱ्यातली चाल समितीला दाखवतात आणि ते ठरवतात. पण वीस वर्षांत माझ्या निर्णयावर कुणी हरकत घेतली नव्हती. आणि स्वरा माझ्यावर घेणार नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी सगळं टाकलं होतं.

पठारावर धुकं विरत होतं. पहिला घोडा आला तो जहागीर. असे घोडे मी फार पाहिले नाहीत. नाकपुड्या लाल, कान पुढे, अंगावर घामाची नुसती चमक. पाणी ओतायच्या आतच ठोके खाली यायला लागले. स्वराने उडी मारली, लगाम धरून त्याला दुडकत नेलं, वळवलं, परत आणलं. पावलं इतकी सारखी पडत होती की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"डाव्या पुढच्या पायात लंगडतोय," मी म्हटलं. "पुढे जायचं नाही."

टाळ्या थांबल्या. कोळेकर काहीतरी ओरडत पुढे आले, त्यांना दोघांनी धरलं. स्वराने लगाम आखडून धरला. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, कळलं हिला. मी इतकं उघड खोटं बोलतेय, तर का बोलतेय ते हिला कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पाहिलं. मग तिने उजवा हात वर केला. हरकतीची तीच खूण आहे.

समितीने पडद्यावर चाल पाहिली. चारही पायांच्या रेघा काढून दाखवल्या, एकीतही उणंअधिक नव्हतं. अध्यक्ष वयाने माझ्या बरोबरीचे. माझ्याशी बोलताना त्यांना माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. त्यांनी विचारलं, ज्योत्स्नाताई, तुम्हाला खरंच लंगडताना दिसला? मी सविस्तर वाचन, महाधमनी, पातळ भिंत, सगळं पुन्हा सांगायला लागले, आणि सांगता सांगता ऐकू आलं की मी ततपप करतेय. खोटं पकडलं गेल्यावर माणूस जसं बोलतो तसंच मी बोलत होते. त्यांनी माझ्या दंडावरची डॉक्टरची पांढरी पट्टी स्वतःच्या हाताने सोडली. स्वरा खोगिरावर चढली आणि गेली.

उरलेली शर्यत मी जीपच्या मागच्या सीटवर बसून काढली. रेडिओवर कुणाचाही आवाज आला की मी पुढे वाकून ऐकायचे. गुलाबभाईंचा फोन वाजला. पोरगी ठीक? एवढंच विचारलं. मी म्हटलं, अजून ठीक. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मला त्यांचा राग आला आणि तरी मी उचलत राहिले, कारण जगात आम्ही दोघंच त्या घोड्याच्या पडण्याची वाट बघत होतो, आणि दोघांनाही तो पडायला नको होता.

जहागीर पहिला आला. दुसरा घोडा टेकडीवर दिसायच्या आत त्याने पाणी पिऊन घेतलं होतं. दहात नऊ म्हणजे एक उरतोच, आणि ते एक आज होतं. किंवा वर्ष अजून बरंच बाकी होतं. मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की आता हे सगळं पुन्हा होणार, आणि त्या वेळी माझ्या हातात थांबवण्यासारखं काहीही नसेल. आजच्या विजयानंतर तर माझं ऐकणार कोण?

मी गर्दीच्या कडेने निघाले होते. कोळेकर आडवे आले. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"जाऊ द्या बाई," ते म्हणाले. "मानसाकडनं हुतं. घोडाच तसला हाय, कुनाचाबी जीव जडंल."

स्वरा जहागीरच्या अंगावर घोंगडी टाकत होती. मला बघून तिने घोंगडी तशीच अर्धवट ठेवली आणि येऊन मिठी मारली. तिच्या अंगाला घोड्याचा वास येत होता. माझ्या कानाशी म्हणाली की सगळे म्हणतात तुला गुलाबभाईंनी विकत घेतलं, मी नाही म्हणत. मला कळलंय का केलंस ते. मी पडेन म्हणून तू घाबरतेस. आईसुद्धा अशीच करते, मी घोड्यावर बसले की पाठ करून उभी राहते. एवढंच आहे ना?

मी म्हटलं, स्वरा, एवढंच नाहीये. तिच्या हाताची पकड लगेच सैल झाली, चेहरा मिटायला लागला. आता आणखी एक शब्द बोलले तर ही मुलगी माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हे मला दिसलं. आणि ती दारात आली नाही तर तो दिवस येईल तेव्हा मी तिच्या जवळपाससुद्धा नसेन. मी गप्प बसले.

तिला तेवढं पुरलं. ती पुन्हा हसली, माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप तिने स्वतःच काढून माझ्या कानांत अडकवला, आणि त्याचं टोक जहागीरच्या कोपरामागे नेमक्या जागी दाबून धरलं. ही जागा तिला मीच शिकवली होती.

"ऐक ना," ती म्हणाली. "किती मोठं आहे."

मी ऐकलं. ठोका पडला. मग तो आवाज सुरू झाला, बाजारातल्यापेक्षा लांब, पुढच्या ठोक्यापर्यंत पोचणारा. मधे शांतता उरलीच नव्हती. घोड्याने मान वळवून माझ्या खांद्याचा वास घेतला. स्वरा माझ्या तोंडाकडे बघत होती, माझ्या घरी असताना गुणपत्रिका दाखवताना बघायची तशी.

"मोठं आहे," मी म्हटलं.

ती खूश झाली. माघात कोयनेकडे याहून लांबची शर्यत आहे, तिथे नाव दिलंय, असं तिने सांगितलं, आणि येशील ना म्हणून विचारलं. माझ्या खिशात फोन वाजत होता. मी येईन म्हटलं, आणि तिच्या हातातून घोंगडी घेऊन जहागीरच्या पाठीवर नीट पसरली.